त्या एकाला करमेना

“एकटीच जातेस? भीती नाही वाटत?” कराडच्या मंडईत, पोस्टाच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. विचारण्यात काळजी असते, म्हणून मी सरळ सांगते, वाटते. मग त्यांचं समाधान होतं आणि बोलणं पाऊसपाण्याकडे वळतं. एकटं असताना आनंद होतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. मला खरा प्रश्न तोच वाटतो, आणि तो फार जुना आहे.

माझे मामा कीर्तनकार. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बृहदारण्यक उपनिषद वाचायला जाते. त्यात पहिल्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणात सृष्टीच्या आधीची हकीकत आहे. सुरुवातीला तो एकटाच होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, दुसरं कुणी दिसेना. तो घाबरला. मग त्यानं विचार केला, माझ्यावाचून इथे कुणी नाहीच, तर मी भ्यायचं कुणाला? आणि भीती गेली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, झालं, आता तो सुखात राहील. पण उपनिषद तिथे थांबत नाही. भीती गेली, तरी त्याला करमेना. म्हणून त्याला दुसऱ्याची इच्छा झाली, आणि त्यानं स्वतःचेच दोन भाग केले.

हे मी मनाली-लेह रस्त्यावर अनुभवलं आहे, आणि याच क्रमानं. भीती आधी, ती सरली की न करमणं.

अटल बोगद्यातून बाहेर पडलं की चंद्रा नदी सोबतीला येते. टांडीला तिला भागा मिळते आणि पुढे ती चंद्रभागा होते. आषाढात मामांच्या दिंडीतून पंढरीला चालत गेलेल्या बाईला हिमाचलात चंद्रभागा भेटावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. भागा बारालाचा खिंडीजवळच्या सूरजतालातून निघते, चंद्रा त्याच खिंडीच्या दुसऱ्या अंगाला उगम पावते. एका जागेहून दोघी पाठ फिरवून निघतात आणि डोंगराला वळसा घालून टांडीला भेटतात. तिथल्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी वाचली की पोटात कालवाकालव होते. माझ्या हिमालयन मोटारसायकलची टाकी पंधरा लिटरची, शिवाय दोन्ही अंगांना कॅन बांधलेले. पेट्रोल पुरतं, हे गणित मला पाठ आहे. पोटाला ते पटत नाही.

झिंगझिंगबारच्या पुढे रस्त्यावरून बर्फाचं पाणी वाहतं. सकाळी ते घोट्याएवढं असतं, ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारी तेच पाणी गाडी आडवी करू शकतं. म्हणून पहाटे निघायचं. नाल्यात उतरताना पहिला गिअर, क्लच अर्धा, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याखालच्या धोंड्यांकडे पाहिलं की चाक त्यांच्यावरच जातं. पुढचं चाक गोट्यावरून घसरतं, हँडल हातातून निसटायला बघतं, बुटात पाणी शिरतं आणि पायाची बोटं बधिर होतात. पलीकडे पोचल्यावर गुडघे थरथरतात. पण त्या मिनिटाभरात मी एकटी आहे हे मनातही येत नाही. संकटात माणूस एकटं नसतं, कारण एकटेपणा जाणवायला फुरसत लागते.

एकटेपणा येतो तो पांगच्या पुढे, मोरेच्या पठारावर. साडेचार हजार मीटरांहून उंच, आणि तरी सपाट. घाटांनी दिवसभर पिळून काढल्यावर एकाएकी सरळ डांबरी रस्ता लागतो. गाडी पाचव्या गिअरमध्ये जाते, इंजिनाचा आवाज एकसुरी होतो. डावी-उजवीकडे तांबूस, जांभळे, राखी डोंगर, लांबवर चांगपा मेंढपाळांचे तंबू, कधी रानगाढवांचा कळप गाडीच्या बरोबरीनं थोडं धावून थांबतो. मला त्या जागी जो आनंद होतो तो मी घरात, देवळात, लेकराला पहिल्यांदा हातात घेतानाही अनुभवलेला नाही. हे लिहिताना जड जातं, पण खोटं कसं लिहू? तिथे मी कुणाची कुणी नसते. पोस्टातल्या बाई नाही, सून नाही, आई नाही. नुसतं बघणं उरतं.

आणि त्या आनंदाच्या अगदी शिगेला मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणते, “हे बघ ना!”

कुणाला? यजमानांना नाही, ते कराडला दुकानात असतात आणि त्यांना थंडी सोसत नाही. देवालाही नाही, त्याला काय दाखवायचं? समोर कुणी नसतं, पण शब्द तोंडातून गेलेले असतात. मग डोळे भरून येतात. लोक समजतात आनंद संपला की एकटेपणा येतो. मला तो आनंदाच्या पोटातून येताना दिसला. काही कमी पडलं म्हणून त्या एकाला करमेना असं मला वाटत नाही. त्याला बहुधा भरून आलं असेल.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते अमृतानुभवाकडे गेले. ज्ञानेश्वरांनी तिथे आरंभीच शिव-शक्तीचं एकपण सांगितलं आहे. मुळात एकच, प्रेमाच्या गोडीसाठी दोन झालेलं. मामा म्हणाले, “तुझा ‘हे बघ’ म्हणजे तोच. दुसरा तुझ्यातूनच निघतो.”

हे मला पटलं नाही, आणि याला कारण गाटा लूप्स.

सर्चूच्या पुढे एकवीस वळणांचा हा चढ आहे. एका वळणावर प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग लागतो. असं सांगतात की फार वर्षांपूर्वी ट्रक बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फानं रस्ता अडला आणि मागे राहिलेला आजारी क्लीनर तहानेनं गेला. तेव्हापासून त्याचा आत्मा येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाणी मागतो, म्हणून लोक बाटली ठेवतात. मीही ठेवते, हात जोडते. पण त्या पोरालाही दुसऱ्याची इच्छा झाली असणारच, दिवसचे दिवस, जीव तोडून. त्याच्या इच्छेतून कुणी निघालं नाही.

त्याच रस्त्यावर डांबराच्या पिंपाशी, तोंडाला फडकी बांधून माणसं उभी असतात. सीमा सडक संघटनेच्या कामावर आलेली, बरीचशी झारखंडातल्या दुमक्याकडची. एकानं हाताचा द्रोण करून पाण्याची खूण केली. मी गाडी उभी केली. तो पाणी प्यायला, बाटली दुसऱ्याला दिली, मग तिसऱ्याला. भुवयांवर डांबराचा धूर बसलेला. त्यानं मला भीतीचं विचारलं नाही. “घर में कौन-कौन है?” एवढंच विचारलं, आणि मग स्वतःच्या घरातली माणसं बोटांवर मोजून दाखवली. त्यांनी खडी पसरली नसती तर मी मोरेच्या पठारावर पोचलेच नसते. त्या माणसाची इच्छा मी कधी केली होती? मी एकटी निघाले असं म्हणत होते तेव्हाही तो तिथे उभाच होता. मेलेल्या क्लीनरपुढे बाटल्यांचा ढीग आणि जिवंत माणसाला हात पसरावा लागतो, याचा मला राग आहे. तो उपनिषदाच्या चर्चेत आणू नये असं मला वाटत नाही.

हे सगळं मी मामांपुढे मांडलं. दुसरा माझ्यातून निघत नाही, तो आधीपासून असतो, म्हटलं. मामा वाद घालत बसले नाहीत. पोथी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “पुढचं वाचलंस का?”

वाचलं नव्हतं. पुढे असं आहे की त्या एकातून झालेली ती दुसरी त्याच्यापाशी थांबली नाही. यानंच मला स्वतःतून निर्माण केलं आणि हाच माझ्याशी संग करतो, हे कसं, असा विचार करून ती लपायला निघाली. ती गाय झाली, तो बैल होऊन मागे आला. ती घोडी झाली, तो घोडा झाला. ती शेळी, मेंढी होत गेली, आणि त्यातून मुंग्यांपर्यंतची सगळी जीवसृष्टी झाली.

इतकी वर्षं मी स्वतःला त्या पहिल्या एकाच्या जागी धरून वाचत होते. घाबरणारी मी, न करमणारी मी. ती निघून गेलेलीही मीच असू शकते, हे मनात आलं नव्हतं. यजमान दर रात्री फोन लावतात. सर्चूत रेंज नसते. ते परत परत लावत राहतात, हे मला लेहला पोचल्यावर कळतं. करमत नाही ते त्यांना.

ती का निघाली हे उपनिषदानं सांगितलं आहे. धावताना तिला कसं वाटत होतं, ते सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी मामांना तेच विचारणार आहे. आणि यजमानांनाही घेऊन जाणार आहे, त्यांनी पाठलाग करणाऱ्याची बाजू सांगावी म्हणून.