एक लांडगा आणि लांडग्यांची उम्मत

सूरह यूसुफमध्ये लांडग्याचा उल्लेख तीनदा येतो आणि तिन्ही वेळा लांडगा प्रत्यक्षात तेथे नसतो. प्रथम माननीय याकूब (अ.) यांच्या मनातील भीती म्हणून तो येतो, मग त्या भीतीचा आधार घेऊन मुलगे बापाला जो शब्द देतात त्यात येतो, आणि अखेरीस रक्त माखलेला सदरा पुढे करून ते जे खोटे सांगतात त्यात येतो. यूसुफ (अ.) यांना विहिरीत टाकणारे हात माणसांचे, तेही सख्ख्या घरातले होते. नाव मात्र लांडग्याचे झाले. अरबी भाषेत आजही एखाद्याचे निर्दोषत्व सांगायचे तर त्याला यूसुफच्या लांडग्याची उपमा देतात.

ही आठवण होण्याचे कारण आपल्याच परिसरातले आहे. मागील वर्षी ईदुल अज्हाच्या तोंडावर आमच्या कळंबच्या बाजूला एका बांधवाच्या गोठ्यातून कुर्बानीसाठी पाळलेला बोकड व दोन शेळ्या गेल्या. त्यांनी मला विचारले, ‘‘मौलाना, उरलेल्या शेळीच्या मढ्यावर औषध टाकून ठेवले तर गुनाह आहे का?’’ औषध म्हणजे पिकावर फवारायचे विष. प्रश्न करणारा माणूस क्रूर नव्हता. वर्षभर मुलांनी हाताने पाला चारलेला बोकड गेला होता, आणि त्या बोकडात त्या घराची इबादत व बचत दोन्ही गुंतलेल्या होत्या. अशा माणसाला ‘प्राण्यांवर दया करा’ एवढेच सांगून परत पाठवणे म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकण्यासारखे आहे. म्हणून या लेखात त्या प्रश्नाचा सविस्तर विचार करावयाचा आहे.

आधी फिकहची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती वरवर पाहता लांडग्याच्या विरुद्ध जाते. इहरामच्या स्थितीत शिकार हराम आहे. परंतु काही उपद्रवी प्राण्यांना त्या स्थितीतही मारण्याची अनुमती हदीसीत आहे. त्यांत कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा यांची नावे येतात. अनेक फुकहांनी चावऱ्या कुत्र्याच्या अर्थात लांडग्यालाही धरले आहे. हल्ला करणाऱ्या जनावराला आवश्यक तेवढ्या बळाने परतवण्याचा हक्क तर सर्वांनाच मान्य आहे. तेव्हा गोठ्यात शिरलेला लांडगा काठीने मारला गेला तर शरीअतच्या दृष्टीने मालक पापी ठरेल, असे मी म्हणणार नाही.

पण येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. लांडगा मारणे हा एक प्रश्न आहे आणि लांडगा संपवणे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू होते का?

या ठिकाणी सुनन अबू दाऊदमधील एक हदीस फार मोलाची आहे. मदीनेत एका काळी कुत्र्यांना मारण्याचा आदेश झाला होता आणि नंतर तो थांबवण्यात आला. त्या संदर्भात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, कुत्री ही जर उम्मतींपैकी एक उम्मत नसती तर आपण ती सर्वच मारण्याचा हुकूम दिला असता. (हदीसीत पुढे काळ्या कुत्र्याचा वेगळा उल्लेख येतो, त्याची चर्चा भाष्यकारांनी स्वतंत्र केली आहे.) ‘उम्मत’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. सूरह अल्-अन्आमच्या अडतिसाव्या आयतीत जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सारे जीव तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असे अल्लाह सांगतो. चौथ्या हिजरी शतकातील थोर भाष्यकार इमाम खत्ताबी (र.) यांनी या हदीसीचा आशय असा उलगडला आहे की, निर्मितीतील एखादी संपूर्ण उम्मत मागे कोणीही न उरेल अशा रीतीने नष्ट करणे प्रेषितांना पसंत नव्हते, कारण अल्लाहच्या कोणत्याही निर्मितीत काही ना काही हिकमत असतेच.

आता लक्षात घ्या, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत कुत्रा आहे आणि ‘उम्मत’ म्हणून ज्याला राखले गेले तोही कुत्राच आहे. म्हणजे एकेका चावऱ्या जनावराला मारण्याची परवानगी आणि त्याच्या समस्त वंशाला जगण्याची हमी, या दोन्ही गोष्टी शरीअतने एकाच प्राण्याबाबत एकत्र नांदवल्या आहेत. परवानगीला सीमा आहे आणि ती सीमा ‘उम्मत’ या शब्दाने आखलेली आहे.

आपल्या जुन्या फुकहांना या सीमेची चर्चा फारशी करावी लागली नाही, हे स्वाभाविक होते. त्यांच्या काळी रान अफाट होते, वस्ती तुरळक होती. कोणी एक लांडगा मारला तर लांडग्यांना काही कमी पडत नव्हते. हुकूम आपल्या इल्लतीभोवती, म्हणजे कारणाभोवती फिरतो, हा उसूलचा पहिला धडा आहे. पुष्कळांतला एक आणि उरलेल्या थोड्यांतला एक, यांच्या मृत्यूचे परिणाम सारखे कसे असतील?

आणि लांडगा आज थोड्यांतलाच आहे. भारतभरात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते, म्हणजे देशातील वाघांपेक्षाही कमी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्याच पंक्तीला त्याचे नाव आहे. वाघाला जंगल हवे. लांडग्याला हवे ते उघडे माळरान. इंदापूर व बारामती या तालुक्यांतील कडबनवाडी, सुपे येथील माळ हे त्याच्या उरलेल्या आश्रयस्थानांपैकी आहेत. त्याच माळांवर चिंकारा, खोकड व तरस राहतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्यांचा एक कळप एका रात्रीत ते सहज पालथे घालतो. म्हणून त्यांचे जगणे अभयारण्याच्या कुंपणाबाहेर, तुमच्या-आमच्या शिवारातच आहे.

या शिवाराचे काय झाले हे कळंबकरांना सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, १९३० च्या दशकात शेजारी वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि जेथे कुसळी गवत होते तेथे ऊस आला. या उसाने घरे उभी केली, मुले शिकली. त्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. परंतु उसात बिबट्या नांदतो, लांडगा नांदत नाही. जो माळ उसाने घेतला नाही तो सरकारी कागदावर ‘पडीक’ ठरला, आणि पडीक म्हणून कोणी तेथे खाणी काढल्या, कोणी भूखंड पाडले, कोणी पुण्य म्हणून झाडे लावली. झाड लावणे सदका आहे, यात शंका नाही. पण गवताच्या रानात दाट झाडी लावल्याने गवतावर जगणाऱ्या उम्मतीचे घर जाते, याचा विचार वृक्षारोपणाच्या उत्साहात राहून जातो.

सूरह अल्-बकरामध्ये (आयत २०५) एका बिघाड माजवणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. तो सत्ता हाती येताच ‘हर्स’ आणि ‘नस्ल’, म्हणजे शेती आणि वंश, यांचा नाश करत सुटतो, आणि अल्लाहला असा फसाद आवडत नाही. नस्ल या शब्दात मुफस्सिरांनी माणसांबरोबर जनावरांची संततीही धरली आहे. आपल्या भागात मात्र आपण हर्स व नस्ल यांना एकमेकांसमोर उभे केले आहे. जणू एक वाढवायचे तर दुसरे संपलेच पाहिजे. आयतीत ते दोघे एकाच बाजूला आहेत.

नस्ल संपवण्यासाठी बंदूक लागतेच असे नाही. पुणे जिल्ह्याच्या गवताळ रानात वेगळ्याच रंगाचे लांडगे काही निरीक्षकांना दिसले होते. जनुकीय तपासणीत ते लांडगा व कुत्रा यांच्या संकरातून जन्मल्याचे सिद्ध झाले आणि २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गावाबाहेर भटकी कुत्री वाढली, लांडगे विरळ झाले. जोडीदार न मिळालेला लांडगा कुत्र्याशी जुळला. शिवाय कुत्र्यांचे डिस्टेंपर व रेबीज हे रोग लांडग्यांत पसरतात, आणि एक आजारी जनावर सारा कळप संपवू शकते.

हे सारे अन्यत्र घडून गेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. तेथे थायलसिन नावाचा, पाठीवर पट्टे असलेला आणि पिल्ले पोटाच्या पिशवीत वाढवणारा शिकारी प्राणी होता. मेंढ्या खातो या आरोपावरून तेथील सरकारने १८८८ पासून १९०९ पर्यंत त्याच्या डोक्यावर इनाम लावले आणि दोन हजारांहून अधिक वेळा ते चुकते केले. मेंढ्यांच्या नुकसानीत भटक्या कुत्र्यांचा व माणसांच्या चोऱ्यांचा वाटा किती, हे कोणी नीट मोजले नाही. अखेर १९३६ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यानंतर दोन महिन्यांनी, ७ सप्टेंबर रोजी, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा थायलसिन मेला. यूसुफच्या भावांनी पुढे केलेला सदरा तो हाच.

आपल्या देशातील चित्त्याची कथा तर मुस्लिम वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. अकबराच्या पदरी हजार चित्ते होते, असे जहांगीरने नोंदवले आहे. हरणांच्या शिकारीसाठी ते रानातून धरून आणले जात आणि बंदिवासात त्यांना क्वचितच पिल्ले होत. राजेरजवाड्यांचा हा शौक शतकानुशतके चालला. त्याला माळराने नष्ट होण्याची व बंदुकीची जोड मिळाली. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये नामिबियातून आणून कुनोत सोडले ते चित्ते आफ्रिकेचे. आपली उम्मत गेली ती गेलीच. उलट बाजूही सांगितली पाहिजे. गीरच्या सिंहांना अगदी शेवटच्या क्षणी राखले ते जुनागढच्या नवाबांनी, शिकारीवर बंदी घालून. २०२५ च्या गणनेत ते सिंह ८९१ झाले. सत्ता एकाच समाजाच्या हाती असताना एक वंश संपला आणि दुसरा वाचला. तेव्हा यात धर्माचे नाव घेऊन मिरवण्यासारखे किंवा लाजेने मान खाली घालण्यासारखे सरसकट काही नाही.

अरबस्तानातील ‘महा’ म्हणजे पांढरा ओरिक्स हाही असाच. मोटारी व बंदुका आल्यावर वाळवंटात त्याला लपायला जागा उरली नाही आणि १९७२ मध्ये ओमानात मोकळ्या रानातला शेवटचा ओरिक्स मारला गेला. सुदैवाने काही जनावरे आधीच धरून अमेरिकेत वाढवली होती. १९८२ मध्ये त्यांचा वंश ओमानच्या जिद्दतुल हरासीस या मैदानात सोडला गेला आणि तेथील हरासीस टोळीचे लोकच राखणदार झाले. पुढे चोरटी शिकार वाढली, ओमानने अभयारण्याचे क्षेत्र तोडले, आणि २००७ मध्ये ते जागतिक वारसा यादीतून वगळले गेलेले पहिले स्थळ ठरले. एकदा वाचवले म्हणजे वाचले असे नसते.

येथे कोणी म्हणेल, ‘‘मौलाना, मृत्यू तर अल्लाहच्या हाती आहे. माणूस जन्मण्यापूर्वीही कितीतरी जीव संपले. लांडग्याची मुदत भरली असेल तर आपण कोण?’’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि ऐकायला तो तौहीदचाच वाटतो. पण माणसाचा मृत्यूही ठरलेल्या वेळीच येतो. म्हणून खुनी निर्दोष सुटत नाही. तकदीर ही अल्लाहची बाब आहे, हाताने केलेल्या कर्माचा हिशेब आपला आहे. माननीय नूह (अ.) यांना महाप्रलयात प्रत्येकाची जोडी नावेत घेण्याचा आदेश झाला, तेव्हा उपयुक्त तेवढीच जनावरे निवडा अशी अट आयतीत नाही.

राहिला गोठ्याचा प्रश्न. या भागातील जुने धनगर मेंढके वाघर लावून, राखणीची कुत्री ठेवून, कोकरे डालग्याखाली झाकून लांडग्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिले. एखादे कोकरू गेले तर लांडग्याचा वाटा गेला म्हणणारे म्हातारे अजून भेटतात. त्यांचे रान आता आपण घेतले आहे, तेव्हा राखणीची रीतही त्यांच्याकडून घ्यावी: रात्री शेळ्या छपराखाली, दार व जाळी मजबूत, दिवा चालू. जनावर गेलेच तर मढे हलवू नये, वनखात्याला तातडीने कळवून पंचनामा करून घ्यावा. लांडग्याने मारलेल्या पाळीव जनावराची भरपाई शासन देते आणि ती मागणे हा हक्क आहे.

विषाबद्दल मात्र माझे उत्तर स्पष्ट आहे: ते जायज नाही. विष कोण खाणार हे टाकणाऱ्याच्या हाती नसते. तरस, खोकड, घार, शेजाऱ्याचे कुत्रे, कोणीही त्यावर येईल. गुन्हेगाराबरोबर निरपराधांना मारणे शरीअतमध्ये बसत नाही. एका नबींनी एक मुंगी चावली म्हणून मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळवले, तेव्हा अल्लाहने त्यांना फटकारले, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. त्या हदीसीतही मुंग्यांसाठी ‘उम्मत’ हाच शब्द आहे.

आणि एक गोष्ट पूर्णपणे आपल्याच हातातली आहे. कुर्बानीनंतरची आतडी, कातड्याचे तुकडे व हाडे अनेक गावांत ओढ्याकाठी किंवा माळाच्या कडेला टाकली जातात. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पिल्लेही तेथेच जातात. त्यावर भटक्या कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या जातात. त्याच झुंडी पुढे शेळ्यांवर धावतात, माळावरच्या लांडग्यांत रोग व संकर पसरवतात, आणि सकाळी फाडलेली शेळी पाहून नाव लांडग्याचे होते. येत्या ईदला प्रत्येक मोहल्ल्याने जिल्हिज्जाच्या चंद्रापूर्वीच जागा ठरवून खोल खड्डा खणून ठेवावा, चुना आणून ठेवावा, आणि तिन्ही दिवस संध्याकाळी मगरिबपूर्वी अवशेष त्यात टाकून माती लोटावी. खड्डा कंबरेइतका तरी खोल हवा. त्याहून उथळ असेल तर कुत्री रात्रीत उकरतात.