रंग आधी ठरतो

फोटो काढून झाला की संगणकावर बसून त्याला ‘आपला’ रंग चढवायचा, असा आज सर्रास शिरस्ता आहे. कुणाचा तरी प्रीसेट विकत घ्यायचा, सावल्यांत निळसर हिरवा आणि उजेडात नारिंगी भरायचा, की झाली शैली! मला हा क्रमच उलटा वाटतो. नैसर्गिक प्रकाशात काम करणाऱ्याची शैली दोन निर्णयांतून घडते: कोणत्या उजेडासाठी थांबायचं आणि त्यातलं काय काही झालं तरी बिघडू द्यायचं नाही. एडिटिंगचं काम या निर्णयांची तड लावण्याचं.

छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचंच पाहा. कलात्मक छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, असा समज पक्का होता, त्या काळात त्यांनी रंगांची बाजू धरली आणि १९९९ मध्ये निधन होईपर्यंत ती सोडली नाही. रंग हा भारतीय नजरेचा गाभाच आहे, असं त्यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात ठामपणे मांडलं. त्यांची आवडती कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म. तिच्यावर एक्स्पोजर थोडं जास्त झालं तरी उजळ भाग कोरा पडायचा आणि गेलेला रंग परत आणायची सोय नव्हती. त्यामुळे उजेडाला सांभाळायचं आणि सावली काळी पडली तर पडू द्यायची, हा निवाडा बटण दाबण्याआधीच करावा लागे.

न्यू यॉर्कचे छायाचित्रकार सॉल लायटर यांचा निवाडा वेगळा होता: ते वर्षानुवर्षं घराच्या आसपासच्या रस्त्यांवर फोटो काढत राहिले. बर्फ, ओल्या काचा, एखादी लाल छत्री. मुदत संपलेली फिल्मही ते वापरत आणि तिचे उतरलेले रंग आपलेसे करत.

आता रॉ फाइलमुळे व्हाइट बॅलन्ससुद्धा घरी येऊन ठरवता येतो. ही सोय मोठीच आहे, पण तिच्यामुळे निर्णय पुढे ढकलायची सवय लागते. कोकणातल्या घराची पडवी घ्या. श्रावणातली दुपार, आभाळ भरलेलं, एक आजी सुपात तांदूळ निवडत बसलेली. अंगणातल्या केळींवरून परतलेला उजेड तिच्या गालावर हिरवट झाक टाकतो आणि खालच्या जांभ्यामुळे हनुवटीखाली तांबूस ऊब येते. ऑटो व्हाइट बॅलन्स हे सगळं एका मापाने सपाट करू पाहतो. तयार प्रीसेट लावला तर तिची सावळी त्वचा भगवी दिसू लागते. मी इथे आधी चेहरा धरतो. त्वचेवरची हिरवट झाक मॅजेंटाकडे जरा सरकवून कमी करतो, तीही फक्त चेहऱ्यापुरती मास्क करून. मागच्या भिंतीवर पडलेला हिरवा तसाच ठेवतो, कारण त्या दुपारचा पाऊस त्याच हिरव्यात आहे. सॅच्युरेशनला हातही लावत नाही.

दुसरा कुणी हाच हिरवा आजीच्या गालावरही राहू देईल, आणि तेही योग्यच ठरेल, मात्र त्याने ते जाणूनबुजून केलेलं असावं. शिकणाऱ्यांना म्हणूनच माझा आग्रह असतो, की एकाच जागी निरनिराळ्या ऋतूंत, निरनिराळ्या वेळी जा. उजेड कुठून आला, कशावरून परतला, त्वचा कशी दिसत होती, हे तिथल्या तिथे वहीत लिहा. एडिटिंगला बसाल तेव्हा ती वही शेजारी उघडी ठेवा. अशा नोंदी साठत गेल्या, की आपण पुन्हा पुन्हा काय जपतो ते दिसू लागतं, आणि शैली वेगळी शोधत बसावी लागत नाही.