मोडलेल्या आदेशाचा फायदा कुणाला?

सुटीत वडिलांकडे अकोल्याला गेलेलं लेकरू न्यायालयानं ठरवून दिलेल्या दिवशी मोझरीला परत आलं नाही, तर आईनं काय करावं? घरचे म्हणतात, थांब जरा, राग निवळेल. सल्ला मायेचा, पण घातक. आदेश मोडणाऱ्याला वेळच हवा असतो. महिने सरतात, नव्या शाळेत नाव पडतं आणि पुढच्या तारखेला तोच सांगतो, मूल इथं रुळलंय, आता हलवू नका.

2008 साली हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या खटल्यातल्या वडिलांनी आदेश डावलून मुलाला आपल्याकडे ठेवलं होतं. स्वतःच्या गैरकृत्याचा लाभ त्यांना घेता येणार नाही, असं सांगत न्यायालयानं आईचा ताबा कायम केला. निकाल न्याय्यच, पण तोवर मूल दहा वर्षांपुढे गेलं होतं. ती वर्षं आईला कोण देणार?

म्हणून पहिल्याच आठवड्यात वकिलाकडे जावं. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 12 खाली मुलाला हजर करण्याचा आणि तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. जिवाला धोका असेल तर 1098 ही बालकांची हेल्पलाइन आणि पोलीस. अपवादात्मक स्थितीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदिप्रत्यक्षीकरण याचिकाही करता येते. मात्र अर्जात भीती फुगवून लिहू नये आणि मामांनी गाडी घेऊन जाऊन लेकरू उचलून आणू नये. दोन्हीकडून ओढलं गेलेलं मूल कुणावर विश्वास ठेवेल?

मला जास्त खुपतात ते भोवतालचे लोक. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. त्या मौनापुढे मी नतमस्तक आहे. पण लेकरू कुठल्या घरी ठेवलंय हे ठाऊक असून काका, आत्या, शेजारी गप्प बसतात, तेव्हा तेही आदेश मोडण्यात सामील असतात. ग्रामगीता लिहिणाऱ्याच्या भूमीत तरी कुणी त्या बापाला सांगावं, ‘भाऊ, लेकरू पोचवून दे, मग भांड.’

आणि ताबा परत मिळाल्यावर, मारहाणीचा वा पुन्हा पळवण्याचा धोका नसेल तर, आईनंही वडिलांची ठरलेली भेट अडवू नये. धोका असेल तर भेटीच्या अटी बदलून मागाव्यात, न्यायालयाकडूनच. पहिली भेट तिला फार जड जाईल. तरी लेकराला तयार करून पाठवावं.