हॉकी, मोत्या आणि प्रेमाचा क्रम

एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या पायरीवर उभे होतो. मोत्या नेहमीप्रमाणे आमच्या झग्याच्या कडेशी अंग घाशीत होता, आणि आम्ही एका तरुणाला आदल्या दिवशीच्या हॉकी सामन्यातील पेनल्टी कॉर्नर हातवारे करून समजावून सांगत होतो. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत जवळ आले, थोडा वेळ ऐकत राहिले आणि हसत म्हणाले, "फादर, तुमचा जीव दोन जागी अडकलाय बघा. एक त्या हॉकीत अन् एक ह्या मोत्यात. मंग देवाला काय ऱ्हायलं?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण म्हाताऱ्याने थट्टेत विचारलेला प्रश्न पुष्कळ दिवस मनात घोळत राहिला. ज्याने आपले सर्वस्व देवाला वाहिले असे आपण मानतो, त्याने एका खेळावर आणि एका कुत्र्यावर असा जीव लावावा काय? प्रश्न केवळ धर्मगुरूंचा नाही. प्रत्येक घरात असे काहीतरी असतेच. कुणाची शेळी, कुणाचे कबूतर, कुणाची भजनाची पेटी. म्हणून आमचाच दाखला घेऊन या प्रश्नाचा विचार येथे करीत आहोत.

प्रथम आरोपींची ओळख करून दिली पाहिजे. आमच्या लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव पश्मी जातीच्या कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. उंच पाय, निमुळते तोंड, कानांवर रेशमासारखे केस. राजाच्या शिकारीत शोभावीत अशी ती जनावरे. मोत्या त्या कुळातला नव्हे. तो औशाच्या बसस्थानकामागे पावसात भिजत पडलेला सापडला. रंग मातकट आणि एक कान कायमचा दुमडलेला. आम्ही प्रार्थनेला बसलो की तो उंबऱ्यावर बसतो, आणि आम्ही 'आमेन' म्हटले की उठतो. त्यामागे भक्ती नसून भाकरी आहे, हे आम्हांला ठाऊक आहे.

हॉकीचे मात्र आश्चर्य वाटेल. आमच्या भागात कुस्ती, कबड्डी आणि खो-खो. हॉकीची काठी इकडे पाहायला मिळते ती बहुधा मारामारीच्या बातमीत! आम्हांला हा नाद लागला तो वसतिगृहात रेडिओवर, आणि वाढला तो पुण्याच्या सेमिनरीत असताना. सायकलने खडकीला जाऊन सामने पाहावेत, आणि याच खडकीच्या वस्तीतून धनराज पिल्ले आला, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला, याचा उगाच आपल्याला अभिमान वाटून घ्यावा! त्यात आपल्या समाजाचाही वाटा आहेच. १९४८ साली लंडनला सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातील गोलरक्षक लिओ पिंटो, मॉस्कोच्या १९८० च्या सुवर्णसंघातील मर्विन फर्नांडिस, वांद्र्याचे जोकिम कार्व्हालो ही नावे त्या काळी आम्हांला संतांच्या नामावळीइतकी पाठ होती. (आमच्या नोव्हिस मास्तरांना हे कळले नाही, हे बरेच झाले.)

आता शास्त्र काय म्हणते? संत थॉमस अक्विनास यांनी खेळ आणि विनोद यांना सद्गुणांच्या विवेचनात जागा दिली आहे, आणि तेथे योहान प्रेषिताची एक कथा सांगितली आहे. शिष्यांबरोबर खेळताना योहानाला पाहून कुणी नाक मुरडले. तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला विचारले, तू सतत बाण सोडीत राहू शकशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने सांगितले. हीच कथा त्यापूर्वी कित्येक शतके जॉन कॅसियन यांनी लिहिली. तीत योहान खेळत नसून एका तितर पक्ष्याला हातांनी गोंजारीत बसलेला आहे. म्हणजे खेळ आणि मुके जनावर, आमच्या दोन्ही अपराधांना एकाच प्रेषिताचा आधार सापडतो! तोबितच्या ग्रंथातही तरुण तोबियास देवदूताबरोबर प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्रा मागोमाग जातो. साऱ्या कथेत तो काहीही करीत नाही. नुसता जातो आणि परत येतो. तरीही पवित्र लेखकाला त्याला वगळावेसे वाटले नाही.

तेव्हा प्रश्न प्रेम करावे की नाही असा नाहीच. संत ऑगस्टीन यांनी सद्गुणाची व्याख्या प्रेमाचा योग्य क्रम अशी केली. क्रम चुकला की चांगल्या वस्तूवरचे प्रेमही वाकडे होते. हे पुस्तकात वाचताना फार सोपे वाटते.

१९८२ च्या डिसेंबरची पहिली तारीख. दिल्लीच्या आशियाई स्पर्धेतील पुरुष हॉकीचा अंतिम सामना पाकिस्तानशी. वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही पोरे रेडिओभोवती बसलो होतो. भारत १–७ असा हरला. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांना आम्ही त्या रात्री ज्या शिव्या दिल्या, त्या नंतर पापनिवेदनात सांगण्याचेही आम्हांला सुचले नाही. कारण ते पाप आहे असे वाटलेच नव्हते. त्यांनी पैसे घेतले असे देशभर बोलले गेले. काहीही सिद्ध झाले नाही, पण एका तरुण माणसाला वर्षानुवर्षे तोंड लपवावे लागले. त्याच स्पर्धेत महिलांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला होता, आणि आपल्या पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले होते. त्या विजयाचे आम्हांला काय आठवते? काहीच नाही. द्वेषाची स्मरणशक्ती किती दांडगी असते!

पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी ४ ऑगस्टला महिलांचा संघ उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदना कटारिया या खेळाडूच्या घरासमोर काही जणांनी फटाके उडवले, जातीवरून शिव्या दिल्या. चारच दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले होते! त्या शिव्या कोणत्या असतील, हे आमच्या धर्मग्रामातील बहुतेक घरांना समजावून सांगावे लागत नाही. आम्ही ती बातमी वाचून संतापलो, आणि मग वसतिगृहाचा तो व्हरांडा आठवला. आमच्या शिव्यांत जात नव्हती एवढाच फरक.

येथे मोत्याची बाजू घ्यावीशी वाटते. कोण जिंकले हे त्याला कळत नाही. आमचे प्रवचन फसले तरी तो शेपूट हलवतो. पण कुत्र्याच्या निष्ठेचे गोडवे गाणाऱ्यांत आम्हांला सामील व्हायचे नाही. त्याला दुसरा पर्यायच नाही, आणि जेथे निवड नाही तेथे सद्गुण कसला? निवड आम्हांला आहे.

ती आम्ही कशी करतो, हे एकदा देवळाचे आवार झाडणाऱ्या मावशींनी दाखवले. मोत्यासाठी पाव लिटर दुधाचा रतीब होता. मावशी म्हणाल्या, "फादर, मोत्या नशिबाचा. आमची नात कोरा चा पिती." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, की प्राण्यांवर प्रेम करायला हरकत नाही. पण जो पैसा आधी माणसाच्या दुःखनिवारणासाठी लागायला हवा, तो त्यांच्यावर उधळणे उचित नाही. हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले होते, आणि दूध मात्र लोकांच्या दानातून घेत होतो.

त्याच वेळी दुसरे एक दृश्य आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याच औसा तालुक्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेली माणसे दगडमातीच्या जड घरांखाली गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास जीव गेले. आम्ही सेमिनरीतून मदतीला आलो होतो. खिचडीच्या रांगेतून एक म्हातारा द्रोण घेऊन बाजूला बसला आणि त्यातली अर्धी खिचडी त्याने एका कुत्र्यापुढे ठेवली. एक स्वयंसेवक चिडून म्हणाला, "इथं माणसांना पुरेना!" म्हातारा वर न पाहता म्हणाला, "ह्येचंबी घर पडलंय, बाबा."

मावशींचे खरे की म्हाताऱ्याचे? आम्हांला दोन्ही खरी वाटतात. पण म्हातारा आपल्या तोंडचा घास देत होता. रतीब आम्ही बंद केला नाही. तो मावशींच्या घराकडे वळवला. मोत्या आता आमच्या ताटातली भाकरी खातो, आणि त्याची त्याबद्दल तक्रार नाही.

येथवर लिहिणे सोपे होते. यापुढचे लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला.

वंदनाच्या घरासमोर फटाके उडाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्टला सकाळी सात वाजता, पुरुषांचा जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाचा सामना होता. मॉस्कोनंतर एक्केचाळीस वर्षांत पदक नव्हते. आम्ही मिस्सा लवकर आटोपून टीव्हीपुढे बसलो. १–३ असे मागे पडलेले आपले खेळाडू ५–३ असे पुढे गेले, मग जर्मनीने चौथा गोल केला. शेवटच्या सत्रात मोत्या फाटकाकडे धावला आणि भुंकू लागला. आम्ही ओरडलो. तो थांबेना. आम्ही पायातली चप्पल काढून खिडकीतून त्याच्या दिशेने भिरकावली. ज्याच्यावर जीव लावला म्हणतो, त्याच्यावर! अखेरच्या सहा-सात सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, श्रीजेशने तो अडवला, आणि आम्ही खुर्चीवरून उडी मारली. मग दोन धर्मगुरूमित्रांना फोन केले. त्यात आणखी दहा मिनिटे गेली असतील.

बाहेर आलो तर फाटकाशी तोंडाला पट्टी बांधून एक गवंडी उभा होता. तुळजापूर रस्त्याच्या बाजूला राहणारा, आमच्याच धर्मग्रामातला. "अरे, कधी आलास?" "आत्ताच, फादर. आईला जरा जास्ती झालंय." पवित्र तेल घेऊन आम्ही त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. वाटेत त्याने मान मागे वळवून विचारले, "जिंकलो न्हवं, फादर?"

पहाटेपासून त्याची आई आमचे नाव घेत होती. तिला काही सांगायचे होते. आम्ही पोहोचण्यापूर्वी अर्धा तास तिची वाचा गेली. आम्ही तैलाभ्यंग केला. ती आमच्याकडे पाहत होती. काहीतरी विचारीत होती, असे वाटले. दुपारी ती गेली.

आठवड्याने समोरच्या पानटपरीवाल्याने सहज सांगितले, की तो गवंडी त्या दिवशी चांगला अर्धा तास फाटकाशी उभा होता. हाक मार म्हटले तर म्हणाला, "संपू दे. फादरला लई नाद हाय."

देवाची दया आमच्या येण्यावर अडून बसत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे; संस्काराच्या ग्राह्यतेविषयी शंका नाही. तरीही त्या स्त्रीला काय सांगायचे होते, हे आता कुणालाच कळणार नाही. श्रीमंत मनुष्य आणि दारातला लाजर या दाखल्यावर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! त्यात लाजराजवळ निदान कुत्री गेली होती. आमच्या दारातही कुत्राच गेला, आणि त्याने आमच्या चपलेचा मार खाल्ला.

आमच्या पापनिवेदनाच्या गुरूंनी सर्व ऐकून घेतले. हॉकी सोडा, असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे झाले असते. सोडणे सोपे असते, क्रम लावणे कठीण. त्यांनी एवढेच विचारले, की टीव्ही पाहताना तुमची पाठ कुठे असते? पाठ फाटकाकडे होती.

आम्ही टीव्ही व्हरांड्यालगतच्या खोलीत हलवला आणि खुर्ची फिरवली. गवंड्याला तो किती वेळ उभा होता हे कळल्याचे सांगितले, आणि क्षमा मागितली. तो अवघडला. म्हणाला, "असू द्या, फादर. मलाबी बगायचा व्हता मॅच, खिडकीतून दिसत व्हता थोडा." ते खरे की आमच्या समाधानासाठी, आम्ही विचारले नाही.

२०२४ च्या ८ ऑगस्टला संध्याकाळी पॅरिसहून स्पेनविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना लागला तेव्हा तो मुलीला घेऊन आला होता. मोत्या आता थकला आहे. डोळ्यांवर सारा आला आहे. भारत २–१ असा पुढे होता, शेवटची मिनिटे होती, आणि श्रीजेशचा तो शेवटचा सामना. मोत्या भुंकू लागला. आम्ही उठलो. फाटकाशी शेजाऱ्यांची शेळी कुंपणाच्या तारेत शिंगे अडकवून उभी होती. ती सोडवायला दोन-तीन मिनिटे लागली, आणि हात खरचटला. परत आलो तेव्हा खोलीत टाळ्या चालल्या होत्या.

"जिंकलो, फादर," गवंडी म्हणाला, "कोण व्हतं?"

"शेळी," आम्ही म्हणालो.