शमुवेलाचा लहान झगा



जून महिना लागला म्हणजे आपल्या गांवोगांवच्या घरांतून एक निरोपाचा प्रसंग घडतो. कालपर्यंत आईचा पदर धरून चुलीपासून हापशापर्यंत फिरणारें तीन वर्षांचें लेंकरूं न्हाऊं घालून, केंस विंचरून अंगणवाडींत धाडलें जातें. जगाच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक होय. तिच्यासाठीं कोणी वाजंत्री लावीत नाहीं कीं पत्रिका छापीत नाहीं. तथापि ज्या आईनें तें बोट सोडविलें, तिच्या अंतःकरणास विचारा. आमची धाकटी कन्या पहिल्या दिवशीं आमचें बोट सोडीना. चवथ्या दिवशीं तिनें मागें वळूनही पाहिलें नाहीं. पहिल्या दिवसापेक्षां तो चवथा दिवस आम्हांस अधिक जड गेला. यास्तव अशा वेळीं आईबापांनीं काय करावें, ह्याविषयीं शास्त्राचा बोध आज आपण घेऊं.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीं हन्नेची कथा आहे, ती आपणांस ठाऊकच आहे. पुष्कळ वर्षें तिची कूस रिकामी होती. तिनें शिलो येथें रडून प्रार्थना केली, नवस केला आणि देवानें तिला पुत्र दिला. मग जें मागून घेतलें तेंच तिनें परत देवाच्या मंदिरांत नेऊन एली याजकाच्या स्वाधीन केलें. ह्या कथेंतून चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, हन्नेनें योग्य वेळ ओळखली. एलकाना वर्षाच्या यज्ञास निघाला, तेव्हां ती म्हणाली कीं, मुलाचें दूध तुटल्यावर मी त्याला नेईन. तिनें घाई केली नाहीं आणि दूध तुटल्यावर टाळाटाळही केली नाहीं. आपल्यांत दोन्ही प्रकारचे लोक आहेत. कित्येक म्हणतात, एवढ्याशा पोराला काय कळतें, सहा वर्षांचें होईतों घरींच राहूं द्या. दुसरे कित्येक अडीच वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देऊन अक्षर वळलें नाहीं तर चापट मारितात. ह्या दोहोंसही सांगणें आहे. जर्मनी देशांत फ्रेडरिक फ्रोबेल नांवाचा एक गृहस्थ सन 1782 त पाळकाच्या घरीं जन्मला. तो वर्षाचाही झाला नव्हता, तोंच त्याची आई वारली. ज्याला आईचा हात आठवतही नव्हता, त्यानेंच पुढें लहान मुलांच्या शाळेस सन 1840 त 'मुलांची बाग' असें नांव दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, माळी रोपाला ओढून वाढवीत नाहीं. तो माती, पाणी व ऊन नीट ठेवितो. सन 1851 त प्रशियाच्या सरकारानें अशा शाळांवर बंदी घातली आणि पुढल्याच वर्षीं फ्रोबेल वारला. सन 1860 त ती बंदी उठली, पण तें पाहावयास तो उरला नव्हता. आज ती बाग जगभर पसरली आहे. आपल्या देशाच्या सन 2020 च्या शिक्षणधोरणांतही तीन ते सहा वर्षांच्या मुलांनीं खेळांतून शिकावें असेंच ठरविलें आहे. म्हणून मूल अंगणवाडींतून येऊन गाणें म्हणूं लागलें, मातीचा बैल करूं लागलें, तर कांहींच शिकलें नाहीं असें म्हणूं नका.

दुसरी गोष्ट अशी कीं, हन्नेनें मूल ज्या घरांत ठेविलें, तें घर निर्दोष नव्हतें. एली वृद्ध झाला होता, त्याची दृष्टि मंद होत चालली होती आणि हफनी व फिनहास हे त्याचे पुत्र लोकांचा यज्ञबलि लुबाडीत होते. तरी देवाची वाणी त्या मुलानें तेथेंच ऐकिली. आपल्या अंगणवाडींतही उणें पुष्कळ असेल. एक सेविका, एक मदतनीस आणि मुलें मात्र वीस-तीस. कोठें छप्पर गळतें, कोठें खिचडी पातळ होते. जेथें उणें असेल, तेथें ग्रामसभेंत उभें राहून सभ्य शब्दांत तें बोलून दाखवा; पण उणें आहे म्हणून लेंकरूं घरीं कोंडूं नका. आपण कोणाचीं नातवंडें आहों ह्याचेंही स्मरण ठेवा. आपल्यांतील कित्येकांच्या आजोबांना शाळेच्या पडवींत पोत्यावर बसून, दुरून फळ्याकडे पाहात मुळाक्षरें गिरवावीं लागलीं, आणि कित्येकांना पडवीही लाभली नाहीं. आज त्यांच्याच पणतीनें साऱ्या वाड्यांच्या मुलांबरोबर एका पंगतींत, एका पातेल्यांतलें जेवावें, हा आजोबांच्या आसवांवर आलेला अंकुर आहे. आणि कोठें अद्यापि कोणी तुमच्या मुलास वेगळें बसवीत असेल, तर तें मुकाट्यानें सोसूं नका. तो कायद्यानें गुन्हा आहे व देवासमोर पाप आहे.

तिसरी गोष्ट हन्नेच्या झग्याची. मूल स्वाधीन करून ती निघून गेली, पण मूल तिच्या मनांतून गेलें नाहीं. ती दरवर्षीं त्याच्यासाठीं एक लहान झगा करी व यज्ञाच्या वेळीं घेऊन जाई. बहिणींनो, ह्यावर थोडा विचार करा. मूल डोळ्यांसमोर नसतां तिला दरवर्षीं अंदाज बांधावा लागे: आतां तो केवढा झाला असेल, बाह्या किती लांब लागतील, खांदे किती रुंदावले असतील. सोडून देणें आणि स्वाधीन करणें ह्यांत हेंच अंतर आहे. जो बाप मूल उंबऱ्यावर उभें करून पुन्हां चौकशीच करीत नाहीं, त्यानें तें सोडून दिलें. जो संध्याकाळीं जवळ घेऊन, आज कोणतें गाणें झालें, कोणाशीं भांडलास, काय खाल्लेंस असें विचारितो, त्यानें झगा शिवावयास घेतला. सेविका मुलाचें वजन व उंची घेऊन नोंद ठेविते. ती नोंद मागून पाहा. वजन वाढत नसेल, तर तुमच्या प्रार्थनेच्या जोडीला दवाखान्याची वाटही चाला.

चवथी गोष्ट बोलावयास कठीण आहे, परंतु ती न बोलल्यास हा उपदेश अपुरा राहील. बीड व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत जून महिन्यांत धाडलेलें मूल दसरा-दिवाळीनंतर अंगणवाडींतून नाहींसें होतें. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता ठरलेला असतो. गाड्या कारखान्यांकडे निघतात आणि लेंकरूं त्यांच्याबरोबर जातें. मग मार्च-एप्रिलपर्यंत त्याची शाळा म्हणजे फडाचा बांध. पहांटेच्या थंडींत तें कोपींत किंवा पाचटावर निजलेलें असतें. जवळ कोयते, शेकोटी, बैल व ट्रॅक्टर. हन्नेनें नवस केला म्हणून मुलाला सोडलें. ही आई उचल फेडावयाची म्हणून मुलाला नेते. तिला दोष देणें सोपें आहे, पण आम्ही तो देणार नाहीं. जो दोष देतो, त्यानें आधीं तिच्या घरचा तांदळाचा डबा उघडून पाहावा.

मग काय करावें? ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्या दोन स्त्रियांचें उदाहरण पाहा. सन 1945 त ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं काम आरंभिलें. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत, हें पाहून त्यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी मुलें गुरें राखावयास जात, तर त्यांच्यासाठीं कुरणांतच शाळा भरविली. त्यांनीं मुलांवर ठपका ठेविला नाहीं. तीं जेथें होतीं तेथें त्या गेल्या. पुढें 2 आक्टोबर 1975 रोजीं सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गांवोगांवीं पोहोंचला. आपला प्रभूही हरवलेल्या मेंढराची वाट पाहात कोंडवाड्यांत बसून राहिला नाहीं, तर डोंगर चढून गेला. तर मंडळींनो, दसऱ्याच्या आधींच एका संध्याकाळीं वडील मंडळींनीं बसून मोजावें कीं, आपल्यांतील किती घरें ऊसतोडीस निघालीं व त्यांत सहा वर्षांखालचीं मुलें किती. ज्यांची धडधाकट आजी घरीं आहे व जीं तिच्यापाशीं रमतात, तीं मागें राहूं शकतील काय, हें पाहावें. आणि राहिलीं तर त्या आजीला दाणागोटा, आजारपण व सोबत ह्यांत मंडळीनें हात द्यावा. जीं आईवांचून राहणार नाहींत, त्यांना आईपासून तोडूं नका. त्या आईबापांस इतकें समजावून द्या कीं, तळ पडेल त्या गांवच्या अंगणवाडींत जाऊन मुलाचें नांव सांगावें व इकडील सेविकेकडून नोंदीचा कागद बरोबर न्यावा. आणि कारखान्यांच्या आसपासच्या मंडळ्यांनो, तुमच्या शिवारांत कोपी उभ्या राहिल्या म्हणजे परक्यांचा तळ पडला असें समजूं नका. शमुवेल तुमच्या दारीं आला आहे. एली होणें आतां तुमच्याकडे आहे.

उपदेशकांनो, पुढील रविवारीं हा लेख मंडळींत वाचून दाखवा, परंतु वाचून थांबूं नका. सोमवारीं सकाळीं आपल्या वाडींतील दोन घरीं जा. एखादें मूल उंबऱ्याशीं रडत असेल तर त्याच्या आईबरोबर दारापर्यंत चाला. ज्यानें लेंकरांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला आणि त्यांना अडविणाऱ्यांचा राग केला, तो प्रभु येशू आपल्या घरांतील सर्व लहानांवर आपला हात ठेवो, आणि आपणां आईबापांस वेळेवर बोट सोडण्याचें धैर्य व जन्मभर झगा शिवण्याची माया देवो. आमेन.