जादा तार


वाद्यांची सेवा माझ्याकडे. मागे एका ताईंनी विचारलं, "जादा तार ठेवलीय ना?" मी म्हटलं, "गुरुमाउली बघून घेतील!" गुरुवारी ऐन भजनात तानपुऱ्याची जोडीची तार तुटली. सगळे ताटकळले. भरवसा माझा, खोळंबा मात्र सगळ्यांचा.

आपल्या इंदूरला होळकर दरबारात उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ सारंगी वाजवत. सारंगीला तातीच्या ३ मुख्य तारा, शिवाय तरफेच्या तीसेक. एखादी कधी तरी तुटणारच, हे धरूनच बसायचं.

नवी तार ताणत जाते, लगेच सुरात टिकत नाही. म्हणून गंजलेली तार दोन दिवस आधीच बदलायची, जादाची जवळ ठेवायची. मग उरलेलं गुरुमाउलींवर सोडायचं. आता पिशवीत दोन तारा आहेत. ताई, तुमचं बरोबर होतं.