नामचेतला जास्तीचा दिवस

नेपाळमधल्या लुक्ला विमानतळाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या बहुतेकांचं साहस इथंच सुरू होतं, चालायला लागण्याआधीच! ढग उतरले की उड्डाणं थांबतात, म्हणून जाणता प्रवासी परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवतो.

कळसूबाई 1,646 मीटर, बेस कॅम्प 5,364. सकाळी गड चढून दुपारी पिठलं-भाकरीला पायथ्याशी येणाऱ्यांना हा फरक कागदावर कळतो; फुप्फुसांना कळायला वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. म्हणून 3,440 मीटरवरच्या नामचे बाजारला एक रात्र जास्त काढायची. गंमत अशी, की हा दिवस वाचवायला बघतो तो नेमका धडधाकट तरुण. पण उंचीचा आजार तब्येत बघून येत नाही.

विम्याचा कागदही वाचलेला बरा. अनेक पॉलिसी ठरावीक उंचीपलीकडचा ट्रेक धरतच नाहीत आणि हेलिकॉप्टरची गरज नेमकी तिथंच पडते.

नामचेतल्या त्या ‘वाया’ दिवशी बरेच जण वरच्या चढावर फिरून येतात आणि झोपायला खाली उतरतात. आकाश स्वच्छ असेल, तर त्या चढावरून एव्हरेस्टचं दर्शन घडतं.